घाटाचा राजा आणि वळणावरची माणसे

गेल्या वर्षी एम.ए.च्या वर्गात महाकाव्य हा साहित्यप्रकार शिकवताना रोलाँ बार्थ यांच्या एका छोट्या निबंधाचा विषय निघाला. 'मिथॉलॉजीज' (1957) या त्यांच्या पुस्तकात 'तूर द फ्रान्स' या सायकल शर्यतीवर एक निबंध आहे आणि त्यात ही शर्यत म्हणजे आधुनिक महाकाव्यच आहे अशी मांडणी केलेली आहे. (आपल्याकडच्या अनेक ग्रंथालयांत या पुस्तकाचा 1972 चा इंग्रजी अनुवाद असतो. तो संक्षिप्त असून नेमका हा निबंध त्यात नाही. 1979 मध्ये वेगळ्या संग्रहातून तो इंग्रजीत आला. विद्यार्थ्यांनी शोधाशोध करून निराश होऊ नये म्हणून हे सांगितले.) बार्थ यांच्या मते या शर्यतीत भूप्रदेश निर्जीव राहत नाही. डोंगर, वारा, ऊन ही सारी पात्रे होतात, आणि व्हाँतू नावाचा उघडाबोडका पर्वत तर बळी मागणाऱ्या दुष्ट देवतेसारखा वागतो. ही नुसती अलंकारिक भाषा नव्हती. पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर दहा वर्षांनी, 13 जुलै 1967 रोजी, टॉम सिम्पसन हा इंग्रज सायकलपटू त्याच पर्वताच्या चढावर कोसळून मरण पावला.

हे सांगून झाल्यावर मुंब्र्याजवळच्या कौसा भागातून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, आमच्या घरासमोरच्या रस्त्याला सगळे 'जुना मुंबई-पुणे रोड' म्हणतात. पण पुण्याला तर वाशीवरून जातात ना?" प्रश्न विषयाला सोडून आहे असे वर्गाला वाटले, थोडे हसूही झाले. मला मात्र त्या प्रश्नाने माझ्या मामाच्या वहीकडे नेले. प्रस्तुत लेख त्या वहीविषयी आहे. म्हणजेच मुंबई-पुणे सायकल शर्यतीविषयी, बोरघाटाविषयी आणि त्या घाटात उभ्या राहणाऱ्या लोकांविषयी.

प्रथम रस्त्याविषयी. ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल 1973 मध्ये खुला झाला. त्यापूर्वी मुंबईहून पुण्याकडे जाणारी गाडी ठाणे, कळवा, मुंब्रा, शीळ अशी वळसा घालून पनवेलला पोचत असे. त्या काळी सायकलस्वारालाही दुसरी वाट नव्हती. पूल झाला आणि पुण्याचा रस्ता ठाण्यातून उचलून पलीकडे ठेवला गेला. मागे उरले ते रस्त्याचे नाव. आमच्या डोंबिवलीतले एक ऐंशीच्या घरातले शेजारी सांगतात की, तरुणपणी शर्यत बघायला घाटात जाण्याची गरजच नसे, कल्याण-शीळ रस्त्याने सायकल हाणत शीळफाट्यावर गेले की झाले. मामाच्या पिढीला ती चैन उरली नव्हती. त्यांना शर्यतीकडे जावे लागे, आणि जायचेच तर सरळ रस्त्यावर उभे राहून काय करायचे, म्हणून ते घाटात जात.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सपाटीवर सायकलपटूंचा जथा घट्ट बांधून चालतो. पुढचा वारा कापतो आणि मागचे त्याच्या आडोशाने बळ राखून असतात. ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगाने असा जथा समोरून गेला की बघणाऱ्याला रंगांचा एक पट्टा दिसतो आणि चेनींचा सळसळाट ऐकू येतो. दहा-पंधरा सेकंदांत सारे संपते. चढावर वेग निम्म्याहून खाली येतो, वाऱ्याचा आडोसा कुचकामी ठरतो आणि ज्याचे वजन त्यालाच वर न्यावे लागते. जथा फुटतो, माणूस एकटा पडतो, त्याचा चेहरा दिसतो. म्हणून जगभर शर्यतीचे प्रेक्षक डोंगरात गर्दी करतात. आषाढातल्या वारीची आठवण येणारे वाचक असतील तर त्यांनी महिना दुरुस्त करून घ्यावा, पण तुलना चुकीची नाही. ज्ञानेश्वरांची पालखी सपाटीवर कुठेही दिसते, तरी लोक ती बघायला दिवे घाटात जातात. रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या जातात, वळणावळणाने ती रांग वर सरकते, आणि खाली-वर उभी असलेली माणसे तासन्तास तिची वाट पाहतात. चढणारी गोष्ट बघण्याची ही रीत आपल्याला परकी नाही.

बोरघाट तसा मोठा नव्हे. आल्प्समधला गालिब्ये अडीच हजार मीटरच्या वर आहे, आणि आपले लोणावळे समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वासहाशे मीटरवर. पण घाटाचा पायथा खोपोलीला, शंभर मीटरच्याही आत. शिवाय मुंबईपासून सत्तर-ऐंशी किलोमीटर सपाटीवर पाय झिजवून झाल्यावर हा चढ अंगावर येतो. घाटात पहिल्या येणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. गंमत अशी की, हा राजा शर्यत जिंकतोच असे नाही, किंबहुना पुष्कळदा जिंकत नाही. लोणावळ्यानंतर पुण्यापर्यंत साठहून अधिक किलोमीटर रस्ता उरतो, तो बहुतांशी उताराचा आणि सपाटीचा. एकट्याने मिळवलेली आघाडी तिथे मागून येणारा जथा हळूहळू गिळतो. घाटात उभ्या असलेल्या माणसाला राजा दिसतो, विजेता कळत नाही. त्यासाठी त्याला दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राची वाट पाहावी लागे.

या घाटाला वाट पाहण्याचा इतिहासच आहे. गाडीरस्ता 1830 मध्ये, जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना खुला झाला. 16 एप्रिल 1853 रोजी ठाण्याला आलेली आगगाडी 1854 मध्ये कल्याणला आणि 1856 मध्ये खोपोलीला पोचली व तिथेच थांबली. पलीकडे खंडाळा ते पुणे लोहमार्ग 1858 मध्ये सुरू झाला, मधला घाट मात्र 1863 पर्यंत तयार नव्हता. म्हणजे पाचएक वर्षे पुण्याचा प्रवासी खोपोलीला गाडीतून उतरे, पालखीने, तट्टावरून किंवा पायी घाट चढे आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसे. रूळ टाकताना पटकी आणि अपघात यांनी हजारो मजूर मेले. त्यांची नावे कुठेही नाहीत. नाव राहिले ते शिंगरोबाचे. इंग्रजांना घाटातली वाट दाखवणारा आणि त्याबद्दल त्यांच्याच हातून मारला गेलेला हा धनगर दंतकथेतला आहे, पण त्याचे देऊळ जुन्या रस्त्यावर आजही आहे आणि जाणाऱ्या गाड्यांतून तिथे नाणी टाकली जातात. मामाची जागा या देवळाच्या खालच्या अंगाला, एका वळणावर होती.

मामा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर होता. मी त्याच्याबरोबर घाटात गेलो तो 'जो जीता वही सिकंदर' येऊन गेल्यानंतरचा थंडीतला एक रविवार. चित्रपट 1992 चा, त्यामुळे सायकल शर्यत म्हणजे काय हे आपल्याला पूर्ण कळले आहे अशी माझी त्या वयातली समजूत होती. पहाटेच्या खोपोली गाडीत मामाचे चार मित्र होते. अंबरनाथला एक, बदलापूरला दोघे चढले. कर्जतला गाडी थांबली तेव्हा वडे घेतले गेले. तेवढ्यात घाटासाठी एका एक्स्प्रेसला मागून जोडली जाणारी जादा इंजिने दाखवून मामा म्हणाला, "बघ, हिलासुद्धा ढकलायला लागतं." पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करत खोपोली आली. तिथून चालत वर.

त्या सकाळी शर्यत मी किती पाहिली, याचा हिशोब केला तर सात-आठ मिनिटांच्या वर भरणार नाही. बाकीचे अडीच तास वाट पाहण्यात गेले, आणि माझ्या लक्षात राहिले आहेत ते हे अडीच तास. पहिला वाद जागेवरून झाला. खाली उभे राहिलो तर जथा एकत्र दिसेल पण काही घडलेले नसेल, वर गेलो तर सारे घडून गेलेले असेल. फूट पडेल ती मध्ये कुठेतरी, पण नेमकी कुठल्या वळणावर? प्रत्येकाचे उत्तर वेगळे होते आणि प्रत्येकाला एकच वळण मिळणार होते. दुसरा वाद माणसांवरून. पुण्याची पोरे घाटात सराव करतात, त्यांना प्रत्येक खड्डा ठाऊक, असे एकाचे मत. सैन्यदल आणि रेल्वेचे स्पर्धक आपसात ठरवून चालतात, एकटादुकटा त्यांच्यापुढे टिकत नाही, असे दुसऱ्याचे. तिसरा सांगलीकडचा होता, त्यामुळे त्याचे मत सांगण्याची गरज नाही. मागच्या चाकावर किती दात्यांचे फ्री-व्हील लावून कोण येईल यावर मामा बराच वेळ बोलला. ते मला तेव्हा कळले नाही, आजही पूर्ण कळले आहे असे म्हणवत नाही.

मोबाइल नव्हते. बातमी वर यायची ती वाहनांबरोबर. मुंबईकडून येणाऱ्या एस.टी.च्या चालकाला हात करून विचारायचे; तो वेग कमी न करता ओरडून सांगे, "पनवेल सोडलं!" पुढचा एक ट्रकवाला म्हणाला, चौघे पुढे आहेत. त्यामागचा म्हणाला, कोणी पुढे नाही, सगळे एकत्र. या दोन साक्षींपैकी खरी कोणती, यावर पुन्हा वाद. पुढे एका क्षणी रस्ता गप्प झाला. खाली वाहने अडवली होती. इंजिनांचा आवाज बंद झाल्यावर घाटात किती पाखरे आहेत हे कळते. मामाने एच.एम.टी.च्या घड्याळाला चावी दिली आणि खिशातून वही काढली.

पहिल्यांदा पोलिसांची मोटरसायकल आली, मग एक जीप, मग तो. एकटाच होता. सीटवरून उठून, सायकल डावी-उजवीकडे झुलवत येत होता. तोंड उघडे, हनुवटीवरून घाम आणि लाळ एकत्र गळत होती. आमच्यापासून हातभर अंतरावरून तो गेला. त्याने आमच्याकडे पाहिले नाही. त्या मुलाचे वय माझ्या मावसभावाएवढे होते आणि मला, खरे सांगायचे तर, भीती वाटली. मामाचे मित्र ओरडत होते, पण काय ओरडावे हे त्यांना कळत नव्हते, कारण त्याचे नाव कुणालाच ठाऊक नव्हते. ते त्याच्या पाठीवरचा आकडा ओरडत होते.

मामा गेला 2016 मध्ये. वही माझ्याकडे आली ती मामीने रद्दीतून बाजूला काढून ठेवली म्हणून. कारखान्यात ड्यूटीची नोंद ठेवण्यासाठी मिळणारी छोटी आखीव वही. अकरा वर्षांच्या नोंदी आहेत, मधली काही वर्षे गाळलेली. प्रत्येक नोंदीत तारीख, वळणावरून पहिला गेला ती वेळ, त्याचा क्रमांक. मग दुसरा, तिसरा, क्वचित दहाव्यापर्यंत. शेवटच्या रकान्यात शेरा. "एकटा." "मागे चार, एकमेकांकडे बघतात." "पाणी मागितले, दिले." "चेन उतरली, उतरून बसवली, 40 सेकंद." नाव एकही नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला ही वही म्हणजे मोठा मोह आणि मोठी अडचण. मी दोन उन्हाळी सुट्ट्या जुन्या वर्तमानपत्रांच्या फायलींत घालवल्या. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशीचे अंक काढून पाहिले. तिथे नावे आहेत, क्रमांक नाहीत. विजेत्याचे नाव, त्याची वेळ, पहिल्या पाच-सहांची यादी, पारितोषिक देणाऱ्या पाहुण्यांचे नाव (हे कधी चुकत नाही). घाटाच्या राजाला मिळाली तर एक ओळ. वर्तमानपत्राचा वार्ताहर पुण्याला शर्यतीच्या अखेरीस उभा होता आणि मामा शिंगरोबाच्या खाली. एकाने नावे टिपली, दुसऱ्याने आकडे. दोन्ही साधने अस्सल आहेत. पण एकीचा हात दुसरीला लागत नाही, आणि त्यांना जोडणारी स्पर्धकांची क्रमांकवार यादी मला आजवर मिळालेली नाही.

इथे वार्ताहरांना दोष देण्याचा हेतू नाही. मराठीत वि. वि. करमरकरांनी 'महाराष्ट्र टाइम्स'मधून क्रीडापान उभे केले, देशी खेळांनाही जागा दिली. बाळ ज. पंडित यांनी क्रिकेटचे धावते समालोचन मराठीत आणले. पण क्रिकेटचा खेळ एका मैदानात मावतो आणि लिहिणारा तो बसल्या जागेवरून पाहतो. दीडशे किलोमीटर लांबीची शर्यत कुणालाच संपूर्ण दिसत नाही. ती लिहायची तर दुसऱ्यांच्या पाहण्यावर विश्वास ठेवावा लागतो, वळणावळणावरच्या माणसांना विचारावे लागते. इटलीत हे काम एका कादंबरीकाराकडे गेले. 1949 मध्ये 'कोरिएरे देल्ला सेरा' या दैनिकाने दिनो बुझ्झाती यांना 'जिरो दितालिया'बरोबर पाठवले. 10 जूनला कूनेओ ते पिनेरोलो हा पाच खिंडींचा टप्पा होता. 29 वर्षांचा फाउस्तो कोप्पी एकटा सुटला तो 192 किलोमीटर एकटाच राहिला आणि चौतीस वर्षांच्या जिनो बार्तालीपेक्षा जवळजवळ बारा मिनिटे आधी पोचला. बुझ्झातींना त्या दिवशी अकिलीस आणि हेक्टर आठवले, आणि ज्याच्याविषयी त्यांना लिहावेसे वाटले तो मुख्यतः हेक्टर होता. बार्थ यांच्या आधी काही वर्षे महाकाव्य असे रोजच्या बातमीपत्रातून लिहिले जात होते. आपल्या घाटात असा कोणी लेखक उभा राहिल्याचे माझ्या वाचनात नाही. मराठी समीक्षेत 'घाट' हा शब्द आपण कलाकृतीच्या आकाराला इतका वापरला की दगडमातीच्या घाटाकडे बघायचे राहून गेले, असा विनोद मी वर्गात करतो. तो फारसा चालत नाही.

मामाने शेवटच्या वर्षांत आल्प्समधली शर्यत दूरचित्रवाणीवर पाहिली. हेलिकॉप्टरमधून सारे वळण एकदम दिसते, पुढच्यामागच्यांतले अंतर सेकंदांत पडद्यावर येते. त्याला तंत्र आवडले, पण तो म्हणायचा, "ह्यात आपण वाट कशाची बघायची?" 2004 मध्ये आल्प द्युएझच्या चढावर एकेकाने घड्याळाविरुद्ध चढण्याचा टप्पा झाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोटलेल्या गर्दीतून लान्स आर्मस्ट्राँग वर गेला आणि जिंकला. 2012 मध्ये उत्तेजकांच्या प्रकरणात त्याची 1999 ते 2005 ची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली आणि ती दुसऱ्या कुणालाही दिली गेली नाहीत. शर्यतीच्या अधिकृत यादीत त्या सात वर्षांपुढे आज विजेता नाही. ही बातमी मी मामाला वाचून दाखवली. त्याला राग येईल असे वाटले होते. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग त्याने विचारले, "घाटात उभे होते त्यांचं काय?"

बोरघाटातले ते वळण आता तसे राहिलेले नाही. द्रुतगती मार्ग 2002 मध्ये पूर्ण झाला, जुन्या रस्त्याची वर्दळ ओसरली, घाटाच्या वरच्या भागात दोन्ही रस्ते काही अंतर एकत्र धावू लागले. 1830 चा, अमृतांजनच्या जाहिरातीवरून ओळखला जाणारा पूल एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीतल्या रिकाम्या रस्त्यावर, पाडण्यात आला. मामाच्या वहीत एका नोंदीखाली "पुलापर्यंत दिसला" असे लिहिले आहे. कोणत्या जागेवरून कोणता पूल दिसत असे, हे आता जागेवर जाऊन पडताळता येत नाही. त्या विद्यार्थिनीला मी हे सारे सांगितले तेव्हा तिने पुढच्या आठवड्यात एक कागद आणला. तिच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेले लिहून काढले होते: मुंब्र्याच्या डोंगराखालच्या वळणावर ते लहानपणी कुणाच्या तरी खांद्यावर बसून सायकली बघायचे. साल आठवत नाही. क्रमांक नाहीत, नावे नाहीत. "एकाचा गंजीफ्रॉक लाल होता" एवढे आहे. मी तो कागद वहीत ठेवला आहे.

अकरा नोंदींपैकी एक मात्र जुळली. एका अंकात बातमीबरोबर छायाचित्र छापले होते. पुण्यातल्या अखेरच्या रेषेवरचे, धूसर; त्यात कडेला एक सायकलपटू पाठमोरा आला आहे आणि त्याच्या पाठीवरचा आकडा भिंगाखाली वाचता येतो. छायाचित्राखालच्या ओळीत तिघांची नावे आहेत, त्यात तोही. बातमीनुसार तो चौथा आला. मामाच्या वहीत त्याच दिवशी तोच आकडा पहिल्या रकान्यात आहे, दुसऱ्यापेक्षा एक मिनिट दहा सेकंद आधी. बातमीत घाटाचा उल्लेख नाही. वहीतला शेरा असा: "एकटा. डावा गुडघा फुटलेला, रक्त मोज्यापर्यंत. तरी उभा राहून."

त्यांचा पत्ता मिळाला आहे. भेटायला जायचे आहे.